छपरावरचा बर्फ आणि माझी पाठ

माझी पाठ दुखते. हे पहिल्याच ओळीत सांगून मी मोकळा होतो, कारण पुढचं सगळं महाभारत हे एवढंसं वाक्य वेळेवर तोंडातून न निघाल्यामुळे घडलं.

ही पाठ कुठल्या अपघातात वगैरे गेलेली नाही. तसं असतं तर चारचौघांत सांगायला काहीतरी बरं मिळालं असतं. कड्यावरून पडलो, घोड्यानं फेकलं, असं काही. पण आमच्या सपाट देशात कडे नाहीत आणि घोड्यावर मी बसत नाही. एका सकाळी मी मोजा उचलायला वाकलो. मोजा हातात आला आणि पाठ गेली, ती गेलीच. तेव्हापासून ती रोज दुखते. कधी गुरगुरते, कधी भुंकते, पण गप्प म्हणून बसत नाही. डॉक्टरांनी फोटो काढले. फोटोत काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, पॅरासिटॅमॉल घ्या आणि थोडं थांबून बघू. आमच्याकडचे डॉक्टर, पाय तुटून हातात आला तरी हेच सांगतात. मी अजून थांबून बघतो आहे.

उत्रेख्तच्या जुन्या ऑफिसात मी हे दुखणं प्रामाणिकपणे सांगून टाकलं होतं. त्यावर आधी मला खास खुर्ची आली. मग खुर्चीला खोली मिळाली. मग फायली जड म्हणून काढून घेतल्या, फायली नाहीत म्हणून फोन काढून घेतला, आणि शेवटी मी त्या खुर्चीवर बसून कालव्यातली बदकं बघायला लागलो. येणारा-जाणारा दारातून मान तिरकी करून कीव आल्यासारखा माझ्याकडे बघायचा. त्या तिरक्या मानांचा मला इतका वीट आला की आउडरझाइल नावाच्या लहानशा गावात कालवे आणि बांध सांभाळणाऱ्या पाणी-मंडळाची नोकरी निघाली, तेव्हा मी अर्ज ठोकला. ती मिळाली. मग आम्ही उत्रेख्तचं घर विकलं आणि निघालो.

नोकरी कायम व्हायला दोन महिन्यांची मुदत होती. त्या मुदतीत ते मला कारण न देता नारळ देऊ शकत होते. तेव्हा मी ठरवलं, की या गावात माझ्या पाठीची बातमी कुणाच्या कानावर जाऊ द्यायची नाही. नवं गाव, नवं ऑफिस, धडधाकट गोव्हर्ट.

"आणि लपवणार कसं?" माझी बायको हिल्के म्हणाली. "खुर्चीतून उठताना तू होडीतून उतरल्यासारखा उठतोस."

"मग उठणारच नाही," मी म्हटलं. हे मी किती शब्दशः पाळणार आहे, ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

सामान हलवायच्या दिवशी हिल्केचा भाऊ ताम्मो ट्रक घेऊन आला. मी फुटपाथवर उभा राहून हातवारे करत होतो. जरा डावीकडे, जरा उजवीकडे, जपून. अशा वेळी देखरेख करणारा एक माणूस लागतोच. समोरच्या घरातल्या रोझेमाबाई हातात झारी घेऊन बाहेर आल्या. जानेवारीत कुणी झाडांना पाणी घालत नाही, पण मोकळ्या हातानं बघत उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून झारी.

"साहेब स्वतः काही उचलत नाहीत वाटतं?" त्या मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या.

आता मानी माणसानं काय करावं? मी ट्रककडे गेलो आणि 'उशा' लिहिलेलं खोकं निवडलं. ताम्मो हा बचतीचा माणूस आहे. खोक्यात जागा उरली म्हणून त्यानं उशांखाली हिल्केचे बिडाचे तवे भरले होते. मी खोकं दारापर्यंत नेलं, उंबऱ्यावर ठेवलं आणि ठेवलेल्याच अवस्थेत राहिलो. डोकं खाली, बाकीचं वर.

"काही सापडलं का?" शेजारून आवाज आला. हे कोबुस. पूर्वी कालव्याच्या दरवाजावर कामाला होते, आता निवृत्त, आणि म्हणून पूर्ण वेळ शेजारी.

"फरशी बघतोय," मी उंबऱ्याला सांगितलं. "चांगली आहे."

"शेवाळ येतं तिच्यावर," म्हणत कोबुस माझ्याशेजारी वाकले. मग शेवाळ व्हिनेगरनं जातं की सोड्यानं, यावर त्यांनी मला बरंच काही सांगितलं. रोझेमाबाई रस्ता ओलांडून आल्या आणि त्यांनी मिठाचा पक्ष घेतला. शेवटी हिल्के मला "फोन आलाय" म्हणून आत घेऊन गेली. मी वाकलेलाच आत गेलो. गल्लीत मात्र माझं नाव झालं, की माणूस कामचुकार आहे पण फरशीतला जाणकार आहे.

खरी अडचण पुढेच होती. संध्याकाळी ऑफिसातून आलं की मला जमिनीवर उताणं पडावं लागतं, पाय खुर्चीवर, आणि कमरेशी उष्णतेचा लाल दिवा. हे माझं औषध. उत्रेख्तला आम्ही वरच्या मजल्यावर होतो, तिथं माझ्याकडे फक्त कबुतरं बघायची. इथं बैठकीची खोली रस्त्याला लागून आणि खिडकी भिंतीएवढी. पडदा नाही. आउडरझाइलमध्ये कुणाच्याच खिडकीला पडदा नाही. संध्याकाळी दिवे लागले की सगळी गल्ली आपापल्या घरात मांडून ठेवल्यासारखी दिसते. बघणारा बघतो आणि न बघितल्याचं दाखवतो, ही सभ्यता.

पहिल्याच संध्याकाळी मी डोळे मिटून पडलो होतो, तर काचेवर टकटक. कोबुस.

"जिवंत आहात ना?"

"बटण शोधतोय."

"डोळे मिटून?"

दुसऱ्या दिवशी पोस्टमननं टकटक केली. तिसऱ्या दिवशी एका अनोळखी बाईनं कुत्र्याला उचलून माझ्याकडे दाखवलं. मग मी गेलो आणि पडदा आणला.

पडदा लावणं हा आउडरझाइलमध्ये गुन्हा नाही, पण गुन्हा परवडला असता. लोक माझ्या घरासमोरून जाताना चाल मंद करायला लागले. बंद पडद्याच्या फटीतून लाल उजेड रस्त्यावर पडतो, हे मला आतून दिसायचं कारणच नव्हतं. एका संध्याकाळी रोझेमाबाई बेल वाजवून आत आल्या आणि त्यांनी कोट न काढताच विषयाला हात घातला.

"हे पाहा, मी स्पष्ट बोलते. बंद पडदा, आत लाल दिवा, आणि बायको बाहेर गेली की तो लागतो. गल्लीत वयात आलेली मुलं आहेत."

हिल्केला हसू आवरेना, म्हणून ती कॉफी करायला स्वयंपाकघरात गेली आणि तिथंच राहिली.

"तो फोटो धुण्याचा दिवा आहे," मी म्हटलं.

"छान. मग फोटो दाखवा."

माझ्याकडे फोटो एकच होता, माझ्या मणक्यांचा. तो मी दाखवला नाही. "अजून ओले आहेत," मी म्हटलं. रोझेमाबाई बिस्किट न खाता निघून गेल्या. आमच्याकडे बिस्किट एकच देतात, पण ते नाकारणं म्हणजे संबंध तुटले असं समजायचं.

दुसऱ्या दिवशी मी पडदा काढला आणि मुक्काम माळ्यावर हलवला. जुन्या घराचा जिना म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडीच. ती मी रोज संध्याकाळी हात-पाय-हात-पाय करत चढायचो आणि उतरताना उलटा उतरायचो. माळा थंडगार होता, म्हणून शेजारी एक हीटर. इतकी ऊब फुकट का घालवायची, म्हणून हिल्केनं तिच्या ढोबळी मिरचीची रोपं वर आणून माझ्याभोवती मांडली. तिला उन्हाळ्यात मिरच्या हव्या असतात आणि त्याची सुरुवात जानेवारीतच करावी लागते. मी मध्ये आणि भोवती कुंड्या, असा मी रोज पडायला लागलो. कुणी बघत नव्हतं. मला फार बरं वाटलं.

ऑफिसात तर मी कमालच केली होती. आमच्याकडे साहेबालाही अरेतुरे असतं. माझी साहेब यिट्स्के पहिल्या दिवशी मला सगळ्यांच्या टेबलांवर हात मिळवायला घेऊन निघाली. मी बसूनच राहिलो आणि लोकांना माझ्याकडे येऊ दिलं. कुणाच्या वाढदिवसाला सगळे गोल करून बुटक्या खुर्च्यांवर बसले, तर मी खिडकीपाशी उभा राहून बाहेर बघितलं. कुणाचं पेन पडलं तर मी त्या पेनाकडे शांतपणे पाहायचो आणि चालू लागायचो. सायकलवर कालव्याची पाहणी करायला चल म्हणाले, तर मी "मला त्यात रस नाही" असं ठणकावून सांगितलं. पाठीचा कुणाला वाससुद्धा आला नाही. घरी येऊन मी हिल्केला अभिमानानं सगळं सांगायचो. ती नुसती माझ्याकडे बघायची.

मुदत संपत आली आणि यिट्स्के म्हणाली, "शनिवारी कॉफीला येऊ का? नवं घर बघते, आणि जरा बोलायचंय."

"ये की!" मी म्हटलं. साहेब घरी येऊन जरा बोलते, म्हणजे नोकरी कायम. मी हिल्केला चांगलासा केक आणायला सांगितलं.

शुक्रवारी रात्रभर बर्फ पडला. शनिवारी सकाळी हिल्के बेकरीत गेली आणि मी विचार केला, साहेबासमोर ताठ बसायचं तर आधी पाठ जरा शेकून घ्यावी. थंडीनं ती भयंकर भुंकत होती. मी लांब चड्डीतच माळ्यावर चढलो, दिवा लावला, हीटर लावला आणि पडलो. थोड्या वेळानं उठायला गेलो. उठलो नाही. पुन्हा प्रयत्न केला आणि तोंडातून असा आवाज निघाला की मी स्वतःच घाबरलो. फोन खाली होता. मी रोपांकडे बघत पडून राहिलो.

त्याच वेळी रस्त्यावर काय चाललं होतं, ते मला मागाहून कळलं. गल्लीतली सगळी छपरं पांढरीशुभ्र होती. आमच्या छपरावर मात्र मधोमध एक काळं, कोरडं भगदाड होतं आणि त्यातून वाफ निघत होती. आता, थंडीत छपरावरचा बर्फ वितळला तर त्याचा अर्थ आमच्या देशात शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. माळ्यावर दिवे लावून गांजा पिकवणारे असेच सापडतात. त्यातून मी पडदा लावलेला आणि काढलेला, लाल दिव्याचा, ओल्या फोटोंचा माणूस. रोझेमाबाईंनी सगळं जुळवलं आणि गल्लीचा पोलीस मेनो याला फोन केला. कोबुस तर आधीपासूनच छपराकडे बघत उभे होते. इतक्यात कुंडीतलं फुलझाड घेऊन यिट्स्के आली आणि तीही वर बघायला लागली.

आमच्याकडे मागचं दार कुणी लावत नाही. खाली पावलं वाजली, मग जिन्याच्या तोंडातून मेनोची टोपी वर आली.

"हात दिसतील असे ठेवा."

"हात दिसतायत हो," मी म्हटलं. "पाय हलत नाहीयेत."

मेनोच्या मागून रोझेमाबाई आल्या, त्यांच्या मागून कोबुस, आणि सगळ्यात शेवटी कुंडी आणि यिट्स्के. माझं अंग लालभडक, अंगात बनियन आणि लांब चड्डी, भोवती हिरवीगार रोपं.

"मी म्हटलं नव्हतं?" रोझेमाबाई म्हणाल्या. "रोपं!"

मेनो गुडघ्यावर बसला आणि एक एक कुंडी हुंगायला लागला. कोबुसनी सरळ एक पान तोडून चावलं. "मिरची," ते निराश होऊन म्हणाले. "आमची ही लावायची तसली."

"माझी रोपं खाऊ नका!" जिन्यातून हिल्के ओरडली. तिच्या हातात केक होता.

"पण मग हा माणूस इथं करतो काय?" मेनोनं विचारलं.

आता धडधाकट गोव्हर्टला काही सुचायला हवं होतं. बटण, फरशी, फोटो, सगळं वापरून झालं होतं. मी तोंड उघडलं, आणि हिल्केच बोलली. "त्याची पाठ दुखते. रोज दुखते. आणि तो मूर्ख आहे."

यिट्स्केनं कुंडी खाली ठेवली. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं मी टाळलं. संपलं सगळं, असं मला वाटलं. पुन्हा ती खुर्ची, पुन्हा ती बदकं, आणि तीसुद्धा मिळाली तर.

मला खाली कसं न्यायचं, हा प्रश्न होता. मेनोनं शनिवार-रविवारच्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून विचारणा झाली, की पॅरासिटॅमॉल घेतलंय का. जिन्यावरून मला आडवा नेणं शक्य नव्हतं आणि उभा मी होत नव्हतो. तेव्हा कोबुस म्हणाले, "पियानो कुठून चढवतात? खिडकीतून. मग हे उतरतील की."

आमच्या जुन्या घरांच्या कपाळावर सामान ओढायची तुळई असते, तिला कप्पीचा आकडा असतो. माळ्यावर एक शिडी होती. शिडीवर गादी, गादीवर मी, आणि माझ्यावर रोझेमाबाईंनी स्वतःच्या घरून पळत आणलेलं घोंगडं, असं सगळं बांधून दोर आकड्यावरून खाली सोडला. कोबुस जन्मभर कालव्यावर होते म्हणून आम्ही त्यांना दोराची गाठ मारायला दिली. कालव्याचा दरवाजा बटण दाबून उघडतो आणि कोबुसनी जन्मभर बटणच दाबलं होतं, हे मला हवेत लोंबकळू लागल्यावर कळलं. मधल्या मजल्याच्या खिडकीसमोर गाठ कप्पीत अडकली. मी वर जाईना, खाली येईना.

खाली गल्ली जमली. कुत्रेवाली बाई होती. पोस्टमन होता. मेनो आणि कोबुस गाठीवरून भांडत होते, आणि तेवढ्यात रोझेमाबाई म्हणाल्या, "कॉफीची वेळ झाली."

आमच्या देशात कॉफीच्या वेळेपुढे कुणाचं काही चालत नाही. कोबुसनी दोर दिव्याच्या खांबाला बांधला आणि ते कप घ्यायला गेले. मधल्या मजल्याची खिडकी उघडून हिल्केनं मला बशीतून नळीनं कॉफी पाजली. रोझेमाबाईंनी तिच्या खांद्यावरून हात पुढे करून माझ्या तोंडात बिस्किट घातलं. एकच. मग त्या दोघी बाजूला झाल्या आणि खिडकीत यिट्स्के आली. तिचं आणि माझं तोंड अगदी समोरासमोर होतं.

वाट बघणं मला सहन होईना. "यिट्स्के," मी म्हटलं, "नोकरीचं काय ते सांगून टाक."

"आत्ता? असा लटकलेला असताना?"

"माझ्याकडे वेळ आहे."

"बरं. ऑफिसात तू कुणाला आवडत नाहीस." खालचा गलका एकदम थांबला. "तू उठून कुणाला हात देत नाहीस. वाढदिवसाला सगळ्यांसोबत बसत नाहीस. परवा बाउकेचं पेन पडलं, तू त्या पेनाकडे असं पाहिलंस की ती बिचारी रडली. सगळे तुला महाराज म्हणतात. मी आज तुला सांगायला आले होते, की हे काही जमत नाहीये. ती कुंडी निरोपाची आहे."

"मला वाकता येत नाही!" मी ओरडलो. शिडी हलली. "उठायला मला वेळ लागतो, आणि उठताना चेहरा वाकडा होतो, तो कुणाला दिसू नये म्हणून मी..."

"ते आत्ता कळतंय ना!" यिट्स्केही ओरडली. "आम्ही आपले समजतोय, उत्रेख्तहून आलाय, शिष्ट आहे!"

"शिष्ट नाहीत हो," खालून कोबुसनी साक्ष दिली. "पहिल्या दिवशी माझ्याबरोबर कितीतरी वेळ फरशी बघत होते."

यिट्स्केनं माझ्याकडे पाहिलं. मी तिची मान बघत होतो, कुठल्या क्षणी तिरकी होते ते. ती सरळच राहिली. "गर्विष्ठ माणूस मला नको आहे," ती म्हणाली. "पाठ दुखणारा चालेल. पण काम कमी मिळणार नाही, सांगून ठेवते. तुझ्या टेबलावर तक्रारींचा ढीग पडलाय. आडवा पडून वाच, उभ्यानं वाच, मला त्याचं काही नाही. सोमवारी ये."

मला रडू आलं. हात बांधलेले असल्यामुळे ते पुसताही येईना आणि सगळ्या गल्लीनं ते नीट बघून घेतलं.

गाठ सुटली, मी उतरलो. मला बैठकीच्या खोलीत जमिनीवर ठेवलं, पाय खुर्चीवर. इतकी माणसं घरात आलेली बघून हिल्केनं केक कापला आणि सगळे आमच्या पद्धतीप्रमाणे खुर्च्यांचा गोल करून बसले. मध्ये मी. बशा वाजत होत्या. मग रोझेमाबाईंनी खाली वाकून, अगदी सरळ विचारलं, "दुखतं म्हणजे नक्की कसं हो दुखतं?"

माझी पाठ मला विचारून दुखत नाही, आणि इतक्या वर्षांत उत्तर ऐकायला कुणी बसून विचारलंही नव्हतं. मी सांगायला लागलो. सकाळचं दुखणं वेगळं आणि संध्याकाळचं वेगळं, ते सांगितलं. थंडीतलं सांगितलं. शिंक येणार असं वाटलं की भिंत कशी शोधावी लागते, ते सांगितलं. मोज्यापासून सुरुवात करून मी फार आतलं आतलं सांगितलं. केक संपला. मेनोनं घड्याळ बघितलं. कोबुसना डुलकी लागली. यिट्स्के कोटाची बटणं लावायला लागली. मी उजव्या खांद्यापर्यंत आलो होतो.

"हे पाहा," रोझेमाबाई शेवटी म्हणाल्या, "तुम्ही गर्विष्ठ होतात, तेच बरं होतं."

सगळे हसले आणि उठायला लागले.

"बसा हो," मी जमिनीवरून म्हटलं. "डावा पाय राहिलाय."

यिट्स्केनं एकदा दाराकडे पाहिलं. मग तिनं कोटाची बटणं पुन्हा सोडली, आणि सगळे परत बसले.